फुगडीत हात कुणी सोडला

आरे, १२ जून

सखू,

फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

फोन तू उचलत नाहीस. परवा निशिगंधाने माझा मोबाईल उलटापालटा करून सांगितलं, "आई, सखूआत्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय." मी म्हटलं, म्हणजे काय गो? ती म्हणाली, म्हणजे दार लावून आतून कडी. बरं केलंस. पण पोस्टमनला कडी घालता येत नाही, म्हणून हे पत्र. सून माझी हुशार आहे, पण मीही तीस वर्षं अंगणवाडीच्या वह्या भरल्यात. अक्षर ओळखशील. जरा तिरकं येतं आता, कारण हा तोच उजवा हात, ज्याचं मनगट तू मोडलंस.

तर ऐक. मागच्या दिवाळीपासून माझे परकर लांब व्हायला लागले. सर्वेश शिंप्याला मी फैलावर घेतलं. माप तेच, शिंपी तोच, मग परकर पायात कसा येतो? तो बिचारा टेप लावून दाखवायचा. "काकी, परकर बरोबर हाय वो. तुमीच जरा बघा." मी म्हटलं, मी काय बघू, शिवलायस तू. दोन परकर परत केले आणि तिसरा त्याच्या मशिनवर आपटून आले. आता त्याची माफी मागायची आहे, त्याचं कारण पुढे येईल.

मे महिन्यात आमचा लेक अनिल मुंबईहून यायचा होता म्हणून घर झाडायला काढलं. पाट्याखाली मुंग्या झालेल्या. पाटा जरा उचलला, आणि पाठीत अशी कळ आली की मी तिथेच रांगत्या पोरासारखी चार पायांवर. तुझे दादा दारात येऊन म्हणतात, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "माझी कंबर."

निशिगंधाने मग ऐकलंच नाही. रत्नागिरीला नेलं. एक्स-रे काढला तर पाठीचा एक मणका दबलेला. पडले नाही, आपटले नाही, नुसता पाटा उचलला! डॉक्टर सुमेधा म्हणून आहेत, वयाने माझ्या अंगणवाडीतून गेलेल्या पोरींएवढ्या. त्यांनी हाडांची तपासणी करायला लावली. डेक्सा म्हणतात. आपण पडून राहायचं, वरून एक दांडा फिरतो, दुखत काही नाही. आकडा आला उणे तीन पूर्णांक एक. उणे अडीचच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ. तीस वर्षं मी लोकांच्या पोरांना वजनाच्या तक्त्यावर लाल रेघेखाली दाखवत आले, आणि त्यांच्या आयांना ओरडत आले. आता मीच रेघेखाली!

उंचीही मोजली. नोकरीला लागताना पाच फूट दोन इंच होते. आता पाच फूट. म्हणजे परकर वाढला नव्हता. मणके दबून मी खाली आले होते. गावातल्या प्रत्येक पोराची उंची मी दर महिन्याला मोजली, स्वतः एकदाही त्या पट्टीला पाठ लावली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी हाड मोडलंय का? मी ताठ मानेने सांगितलं, "मोडलंय तर. तीन वर्षांपूर्वी गौरीच्या फुगडीत. पण त्यात माझ्या हाडांचा दोष नाही. नणंदेने हात सोडला." त्यांनी विचारलं, किती उंचीवरून पडलात? मी म्हटलं, उंची कसली, अंगणात उभी होते. तर म्हणाल्या, "उभ्याने पडून मनगट मोडलं म्हणजे हाडं तेव्हाच ठिसूळ झाली होती. तेव्हाच तपासायला हवं होतं. नणंदेला कशाला बोल लावता?"

निशिगंधा शेजारी बसलेली. तिने खिडकीबाहेर बघितलं, पण तिचे खांदे हलत होते.

म्हणून लिहिते. हात तू सोडलास ते सोडलास. पण मनगट मोडलं ते माझ्या हाडांमुळे. तेव्हा निम्मी चूक माझी. निम्मी माफी मागते आहे, निम्मी तुझ्याकडे राहिली.

आणि खरं काम पुढेच आहे. अजिंक्य चैत्रात भाट्याला नारळाची रोपं न्यायला आला होता, तेव्हा मामाकडे चहाला टेकला. बोलता बोलता म्हणाला, "आईच्या साड्या हल्ली लोळतात. कमरेला दोनदा खोचते तरी पायात येतात." तेव्हा मी हसले. आता हसू येत नाही. सखू, साड्या लोळत नाहीत गो. तू आखूड झालीस. गुहागरहून चिपळूणला जा आणि हाडं तपासून घे. गौरी यायच्या आत. एवढंच सांगायचं होतं.

राजश्री वयनी

आरे, २९ जून

सखू,

उत्तर नाही. पत्र पोचलं हे मला माहीत आहे. अजिंक्यला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मामी, आईने वाचलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं." म्हणजे फाडलं नाहीस. तांदळाच्या डब्यात आपण काय काय ठेवतो ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मी खूश आहे.

आज रविवार, माझ्या गोळीचा वार. आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण तिचे नखरे नव्या नवरीला लाजवतील. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी. साध्या पाण्याबरोबर, तेही पेलाभर. आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. चहाशिवाय अर्धा तास! मी उंबऱ्यात उभी राहून घड्याळ बघते. तुझे दादा समोर बसून बशीत ओतून फुर्र फुर्र करत पितात. मुद्दाम करतात. आज मी म्हटलं, "तुमचीही हाडं तपासून घेऊ या." कप घेऊन पडवीत गेले ते आलेच नाहीत.

बाकी मग रोज कॅल्शियम आहे. ड जीवनसत्त्व कमी निघालं. मी डॉक्टरांशी भांडले. म्हटलं, समुद्रावर राहतो आम्ही, उन्हाला काय तोटा? त्या म्हणाल्या, उन्हात तुम्ही कधी जाता? विचार केला तर खरंच गो. सकाळ चुलीपाशी, दुपार घरात, बाहेर पडलं की डोक्यावर पदर, हातावर पदर. ऊन आपल्या पत्र्यावर पडतं, आपल्यावर कुठे पडतं? आता पावसाने उघडीप दिली की निशिगंधा मला बाहेर काढून बसवते, वाळवणासारखी. वर विचारते, "आई, पलटू का?"

खायचंही तेच सांगितलं जे मी अंगणवाडीत घसा फोडून सांगायचे. नाचणी, दूध, तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाता येतील अशी बारीक मासळी. दुसऱ्यांच्या सुनांना नाचणीचं सत्त्व पाजलं आणि स्वतः उभ्या उभ्या चहा-चपाती खाऊन निघाले. तू तर लहानपणापासून नाचणीची भाकरी बघून नाक मुरडायचीस, हे आईच सांगायच्या.

व्यायामही आहे. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. भिंतीला धरून टाचा वर करायच्या. मग एका पायावर उभं राहायचं, शेजारी धरायला काहीतरी हवं. मी तुळशीशेजारी एका पायावर उभी असते. शेजारची बारकी पोरं कुंपणावरून मोजतात, "आजी, बगळा! एक, दोन, तीन..." पहिल्या दिवशी चारला पाय टेकला. आज अठरा.

वाकून जड उचलायचं नाही. पाठ पिळायची नाही. फुगडी बंद, हे त्यांनी वेगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, निशिगंधानेच चुगली केली.

फुगडीवरून आठवलं. त्या दिवशीचा व्हिडिओ निशिगंधाच्या मोबाईलमध्ये होता. मी तेव्हाच पुसायला लावला होता. मला माझं पडणं बघवेना. पाऊस पडून गेलेला, दोघींचे तळवे घामाने ओले. निसटलाही असेल हात. तू सोडलासच असं मी आता म्हणत नाही.

तपासणीला गेलीस का ते कळव. नसशील गेली तर उद्या जा.

वयनी

आरे, १७ जुलै

सखू,

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर दोन ओळी: "माझी हाडं माझी आहेत. तुझी तू बघ." सही पण नाही. पोस्टमनने माझ्या हातात देताना वाचलेलं होतं, त्याच्या तोंडावरून कळलं. मी ते देवघराशेजारी खिळ्याला अडकवलंय. तीन वर्षांनी तुझं अक्षर घरात आलं. तुझ्या दादांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरी दिसते." मी म्हटलं, कशावरून? म्हणाले, "चिडलीय ना, मग बरी असणार."

पण सखू, तुझी हाडं नुसती तुझी नाहीत. ती आईंची आहेत.

गेल्या बुधवारी डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या आईचा खुबा कधी मोडला होता का? मी म्हटलं, माझी आई शेवटपर्यंत कुळथाची पोती उचलत होती. सासूबाईंचा मोडला. त्या म्हणाल्या, सासूचं तुमच्याकडे येत नाही. पण त्यांना मुली आहेत का? आईचा खुबा मोडला असेल तर मुलीने तपासून घ्यायलाच हवं.

 मला त्या परसातल्या पायऱ्या दिसल्या.

तुला आठवतंय ना? श्रावण होता. आई फुलं काढायला गेल्या आणि जांभ्याच्या तिसऱ्या पायरीवरून घसरल्या. पायरी ती केवढी, वीतभर. मी धावले तर त्या म्हणतात, "फुलं सांडली का गो?" खुबा मोडला होता. मग आठ महिने खाट. दर शनिवारी तू तवसाळहून फेरीबोट धरून यायचीस. मी अंग पुसायची आणि तू केस विंचरायचीस. त्या आधीची कित्येक वर्षं त्या वाकतच चालल्या होत्या. आपण काय म्हणायचो? संसाराने वाकल्या. वय झालं. मी शिकलेली बाई, सरकारी ट्रेनिंग घेतलेली, मीही तेच म्हणत होते. तेव्हा कुणी तपासलं असतं तर त्या खाटेवर गेल्या नसत्या असं मी म्हणणार नाही, मला काय कळतंय. पण आपण काही केलंच नाही गो. वाळवी लागलेला वासा बाहेरून तसाच दिसतो, म्हणून आपण त्याच्याकडे बघत बसलो.

आणखी एक. दम्यासाठी तू ती पांढरी गोळी वर्षानुवर्षं घेतेस, अजिंक्य म्हणाला. तसली काही औषधं बरीच वर्षं घेतली तर हाडं आणखी ठिसूळ होतात. म्हणून घाबरून ती बंद करू नकोस, आपल्या मनाने अजिबात नाही, नाहीतर धाप लागून पडशील आणि ते खापरही माझ्याच डोक्यावर. फक्त डॉक्टरांना सांग की ही गोळी घेते.

मी तुझ्यापायी घाबरले आहे, हे सरळ लिहिते. तुला खाटेवर बघायची ताकद माझ्यात नाही. आईंचं केलं, ते तू होतीस म्हणून झालं. तुझं मी कुणाच्या आधाराने करू?

परसातल्या पायऱ्यांचं शेवाळ मी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घेतलंय, म्हणजे घासवून घेतलंय, तुझ्या दादांकडून. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवला. निसरडं पायपुसणं फेकलं. तूही हे करून घे. चिडून कर, पण कर.

फुगडीत हात कुणाचा सुटला ते जाऊ दे आता.

वयनी

आरे, ९ ऑगस्ट

सखू,

जाऊ दे म्हटलं खरं, पण ते जात नाही.

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा चुलीत घातलं. हे चौथं. हे पोस्टात टाकायला निशिगंधाला दिलंय म्हणजे मला परत घेता येणार नाही.

मे महिन्यात पाटा उचलताना आली ती कळ मी लगेच ओळखली होती. ती माझ्या पाठीला नवी नव्हती. तीन वर्षांपूर्वी, गौरीच्या दुसऱ्या दिवशी, मटणाचा तिखट नैवेद्य आटोपल्यावर अंगणात आपण फुगडी घातली, तेव्हा तीच आली होती.

पंचवीस वर्षं आपली जोडी कुणी हरवली नव्हती. हात घातले, पाय जुळवले, पाठ मागे टाकली की वाडीतल्या बायका मोजायला लागायच्या. त्या दिवशी नव्या सुनांची जोडी पन्नासवर थांबली होती. मी आदल्या दिवसापासून बोलून बसले होते, की आमच्या नणंद-भावजयीला एवढ्याशा पोरी काय हरवणार. निशिगंधा मोबाईल धरून उभी. चाळीस झाले, त्रेचाळीस झाले, आणि पाठीत ती कळ. डोळ्यांपुढे तुळस, तू, आंबा, सगळं एक झालं. तुला नुसतं म्हणायचं होतं, "सखू, थांब." दोन शब्द. पण सगळ्या बघत होत्या, आणि राजश्री दमली हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

हात मी सोडला.

निसटला नाही. मी सोडला. सुटल्यासारखं दिसेल असं वाटलं. मी मागे पडले हातावर, तू तुळशीच्या कट्ट्यावर गेलीस. कपाळाला टेंगूळ आलं तुझ्या. आणि सगळ्या धावत आल्या, काय झालं, कुणी सोडला, तर माझ्या तोंडातून निघालं, "सखूने हात सोडला." माझं मनगट लोंबत होतं, त्यामुळे सगळ्यांनी माझंच खरं धरलं. तू काही बोलली नाहीस. तुझे दादा तुला सगळ्यांदेखत म्हणाले, "जरा सांभाळून खेळता येत नाय?" दुसऱ्या दिवशी गौरी निघायच्या वेळी फुगड्या झाल्या, त्यात तू हात पुढे केलास आणि एकीनेही धरला नाही, हे मला निशिगंधाने सांगितलं. मी प्लास्टर घालून आत झोपले होते. तू जेवली नाहीस आणि गेलीस. ज्या घरात तुझ्या हातून गौर यायची, त्या घरात तेव्हापासून निशिगंधा गौर आणते. छान आणते. पण ती उंबऱ्यात उभी राहिली की तुझे दादा तिच्यामागे रस्त्याकडे बघतात.

व्हिडिओ मी का पुसायला लावला ते आता तुला कळलं.

काल सकाळी हे तुझ्या दादांना सांगितलं. ते उठले. माडाच्या झावळ्या ओढायला गेले, दुपारी जेवले नाहीत, संध्याकाळी येऊन म्हणाले, "मी तिला बोललो होतो." मी म्हटलं, हो. "मला तिच्या पाया पडायला लागेल. धाकटी असली म्हणून काय झालं. तू पण चल." आणि मग चहा मागितला. गोड जास्त घातला मी.

मग संध्याकाळी बचत गटाची बैठक होती, मारुतीच्या देवळात. हाडांबद्दल चार शब्द सांगा म्हणून मलाच उभं केलेलं. नाचणी सांगितली, ऊन सांगितलं, उंची मोजा म्हणून सांगितलं. पासष्टीच्या पुढच्या सगळ्यांनी तपासून घ्या म्हटलं, आणि उभ्याने पडून हाड मोडलं असेल तर वयाची वाट बघू नका. आणि मग म्हटलं, माझं मनगट मोडलं तेव्हा मी खोटं बोलले, हात सखूने नाही, मी सोडला होता.

 मग धाकूची म्हातारी म्हणाली, "मेल्ये, तीन वर्सं आमी त्या पोरीच्या नावानं बोटं मोडली!" आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी खाली बसले होते, पाठीमुळे उठवेना, म्हणून हात पुढे केला, कुणीतरी उठवा म्हणून. दोघी पटकन मागे सरल्या. एक म्हणाली, "नको बाय, तू सोडशील." सगळ्या हसल्या. थट्टाच होती, मलाही हसावं लागलं. शेवटी निशिगंधाने उठवलं. पण सखू, तो हात हवेत राहिला ना, ते मला घरी येईपर्यंत पुरलं. तुला त्या दिवशी कसं झालं असेल ते तेव्हा कळलं.

निम्मी माफी मागितली होती. ती परत घेते आणि अख्खी मागते.

एकतीस तारखेला गौरी येताहेत. तू यावंस असं मला वाटतं, पण त्यासाठी हे लिहिलं नाही. नाही आलीस तरी चालेल. तपासणीला मात्र जा. माझ्यावरचा राग तुझ्या पाठीवर काढू नकोस.

राजश्री

गुहागर, २२ ऑगस्ट

वयनी,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाय. शाळेत तू गेलीस, मी शेणी थापल्या. तरी लिहिते. अजिंक्य बोलला मी लिहून देतो, पण ही गोष्ट त्याच्या हातून जायची नाय.

तपासणी झाली. तुझं आईबद्दलचं पत्र आलं ना, त्याच आठवड्यात चिपळूणला गेली. तुझं कबुलीचं पत्र नंतर आलं. तेव्हा हे मनात आणू नको की तू कबूल झालीस म्हणून मी गेली. मी आईसाठी गेली. आकडा उणे दोन पूर्णांक नऊ. उंची अडीच इंच गेली. तू दोन इंच गेलीस, मी अडीच. यात पण मीच पुढं.

ती पांढरी गोळी डॉक्टरला दाखवली. ते दम्याच्या डॉक्टरशी बोलले, आता ती बेताबेतानं कमी करतायत आणि ओढायचा पंप दिलाय. हाडांसाठी वर्षातून एकदा सुई आहे, ती घेतली. तुझ्यासारखं उंबऱ्यात चहाची वाट बघत उभं राहायला नको. नाचणीची भाकरी खाते. नाक मुरडून खाते, पण खाते. सुपारीच्या बागेत रोज चालते, अजिंक्यची बायको सोबत येते. साड्या सगळ्या खालून दुमडून शिवून घेतल्या. तू तुझ्या शिंप्याकडं गेलीस का माफी मागायला? जा. गरिबाला उगाच बोललीस.

आता दुसरं.

हात कुणी सोडला ते मला तेव्हाच ठाऊक होतं. तुझा हात माझ्याच हातात होता ना गो? फुगडीत घाम आला की आधी बोटं निसटतात, अंगठा शेवटी. तुझा अंगठा आधी गेला. अंगठा आपण होऊन जात नाय, माणूस काढतं. मी पडता पडता समजली, वयनी दमली. मला राग नाय आला. पंचवीस वर्सं तू मला फिरवलंस, एकदा दमलीस तर काय झालं. राग नंतर आला, तू सगळ्यांत माझं नाव घेतलंस तेव्हा. आणि दादा बोलला तेव्हा. मग मी ठरवलं, ही आपल्या तोंडानं सांगेल तेव्हाच त्या घरात पाय टाकीन. तीन वर्सं वाट बघितली. तुझी निम्मी माफी आली तेव्हा तर मी ते पत्र बंबात घालणार होती. पण खाली हाडांचं लिहिलं होतंस, म्हणून तांदळात ठेवलं.

दादाला सांग, पाया पडायचं सोंग करू नको. आईच्या पायऱ्या घासल्यास ते पोचलं मला.

तर मी येते. तीस तारखेला दुपारच्या फेरीबोटीनं. गौर मीच आणणार. निशिगंधाला सांग माझ्या बरोबरीनं चल, एका बाजूनं मला धर, वाटेत जांभा ओला असतो. चपला खाली खरबरीत असलेल्या घेतल्यायत. उंबऱ्यात तूच ओवाळ.

पण वयनी, तू देवळात सांगितलंस ते एका परीनं चुकलीस. आता त्या बायका तुझा हात धरायला भितील. थट्टेनं म्हण, पण भितील. आणि पुढं केलेला हात कुणी धरला नाय की कसं वाटतं ते मला तुझ्याआधी ठाऊक हाय. म्हणून गौर बसवली की पहिलं अंगणात यायचं, सगळ्या जमल्या असताना. मी तुझा हात धरणार. फिरायचं नाय, तुला नि मला दोघींना मना हाय. नुसतं हात घालून, पाय जुळवून उभं राहायचं. मोजू देत त्यांना काय मोजायचं ते.

आणि पाठीत कळ आली तर सांग, सखू, थांब. एवढंच तर सांगायचं होतं गो तेव्हा.

सखू